पेटीला पाठ नसलेली पट्टी

पौर्णिमा ओव्हाळ विमानं दुरुस्त करते हे सास्तूरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. नेमकं काय करते हे मात्र तिच्या आईलाही नीट सांगता येत नाही. सुट्टीत ती गावी आली की कुणी ना कुणी बंद पडलेला मिक्सर घेऊन दारात उभं राहतं. एकदा तर गल्लीतले हिंमतराव विहिरीवरची मोटार मोटारसायकलला बांधून घेऊन आले.

"इमानाचं इंजिन खोलतीस म्हणं. मग हिला काय झालंय तेवढं बघ की."

तिनं झाकण काढून बघितलं. आतलं वायंडिंग जळून काळं पडलं होतं. "काका, हिला उमरग्याला न्या. नवीन गुंडाळून घ्यावं लागंल."

"म्हंजी तुझ्याच्यानं न्हाय व्हत."

"न्हाय व्हत, काका."

हिंमतरावांना फार बरं वाटलं. त्यांनी मोटार परत बांधली आणि दुपारपर्यंत ही बातमी अख्ख्या गल्लीत पोचवली.

इंजिन खोलणं हे तिचं काम नव्हेच. विमानातल्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू तिच्याकडं असतात. रेडिओ, पडदे, वायरींचे जुडगे, आणि पायलटच्या पुढ्यातल्या फळीमागं बसवलेल्या लहानमोठ्या पेट्या. त्यातलीच एक पेटी अशी, की जिच्यापायी तिचं आणि विमान शिकवणाऱ्या कप्तानांचं एकदा चांगलंच वाजलं.

वडील आबाराव गवंडी. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव पडलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. नवं गाव उभं राहायला लागलं तसे ते बांधकामावर जाऊ लागले. आधी विटा द्यायला, मग माल कालवायला, मग थापी धरायला. शाळा सुटली आणि कसब हाती आलं. पौर्णिमा जन्मली ती नव्या गावात, सरळ रेषेतल्या गल्ल्यांत. बारावीला लोहाऱ्यात फिजिक्सला बरे मार्क पडले. विमानाच्या देखभालीचा अभ्यासक्रम हैदराबादला असतो, आणि त्याला शिष्यवृत्तीही मिळते, हे तिचं तिनंच शोधून काढलं. घरी सांगितलं तेव्हा आबारावांनी एकच प्रश्न विचारला.

"इमान पडलं तर कुणाला धरतेत?"

"कागदावर ज्याची सही असंल त्याला."

"मग सही बघून करत जा," ते म्हणाले, आणि बॅग बांधायला सुतळी शोधू लागले.

अभ्यासक्रम झाला, परवान्याच्या परीक्षा झाल्या, आणि नोकरी लागली ती घरापासून फार लांब नाही. येडशीच्या पुढं, घाट चढून आलं की जो माळ लागतो, त्यावर एका खासगी संस्थेची धावपट्टी आहे. तिथं पायलट घडवतात. चार माणसांची, एका इंजिनाची विमानं. लांबून बघितलं तर पत्र्याच्या शेडखाली पांढऱ्या मोटारी उभ्या केल्यासारखी दिसतात. पौर्णिमा येडशीत खोली घेऊन राहते, सकाळी स्कूटीवरून माळावर येते, आणि विमान उडण्याजोगं आहे अशी सही करते. सही करताना हात सावकाश चालतो. तिथं शिकणारी मुलं त्यावरून तिला चिडवतात.

ती वादाची पेटी जमिनीबद्दल सूचना देते. विमान डोंगराच्या, टेकडीच्या किंवा सपाट जमिनीच्या धोकादायक जवळ जायला लागलं, की ती बोलते. आईला, भिमाबाईंना, हे समजावून सांगायला पौर्णिमाला एक अख्खी दुपार लागली होती. भिमाबाई शेंगा फोडत होत्या.

"मग ती पेटी डोंगर बघती व्हय?"

"बघत न्हाय गं आई. तिला डोळंच न्हाईत. तिला पाठ हाय."

"काय पाठ हाय?"

"सगळी जमीन. कुठं डोंगर हाय, किती उंच हाय, कुठं टावर हाय, कुठं पवनचक्की हाय. आन् आपलं इमान आता कुठं हाय ते तिला उपग्रहावरनं कळतंय. दोन्हींचा मेळ घालती. इमान हाय तसंच पुढं गेलं तर थोड्या वेळानं कुठं आदळंल, ते आधीच काढती आन् वरडती."

"काय म्हणून वरडती?"

"इंग्रजीत वरडती. आधी 'कॉशन, टेरेन' म्हणती. म्हंजी जपून, पुढं जमीन हाय. तरी ऐकलं न्हाय तर 'टेरेन, टेरेन, पुल अप, पुल अप'. म्हंजी वर घे."

भिमाबाईंनी टरफलं झटकली. "पाठ केलेलं माणूस इसरतंय की."

"पेटी इसरत न्हाय. पण जे तिला शिकवलंच न्हाय, ते तिला येत न्हाय."

आधीच्या काळातल्या पेट्या वेगळ्या होत्या. त्या विमानाच्या पोटाखाली रेडिओलहरी सोडून सरळ खालची उंची मोजायच्या. सपाट रानात ते भागायचं. पण समोर एकदम कडा उभा असला, तर पोटाखालची जमीन वर यायला लागेपर्यंत त्या पेटीला पत्ता नसायचा, आणि तोवर उशीर झालेला असायचा. नव्या पेटीला पुढचं कळतं. पडद्यावर ती नकाशाही रंगवते. विमानाच्या उंचीला भिडलेली जमीन लाल, त्याखालची पिवळी. पिवळ्यावर जागं व्हायचं आणि लालवर हात चालवायचा, एवढा साधा नियम.

फक्त माळावरची ती पट्टी पेटीला पाठ नव्हती.

पट्टी खासगी, नव्यानं लांब केलेली. तिचे मोजमापाचे कागद वर कुठंतरी अडकून पडले होते. त्यामुळं पेटीच्या मते त्या माळावर पट्टी नव्हतीच, नुसतं रान होतं. विमान उतरायला खाली आलं की पेटीला वाटायचं, ही माणसं रानात घुसतायत. मग ती ओरडायची. "टू लो, टेरेन. टू लो, टेरेन." म्हणजे फार खाली आलात. पट्टी समोर स्वच्छ दिसतेय, ऊन पडलंय, आणि कानात हा गोंगाट. मुलांनी त्या आवाजाचं नाव आत्याबाई ठेवलं. "आज आत्याबाई लई तापली होती," असं म्हणत मुलं खाली उतरायची आणि पेटी बिघडल्याची तक्रार लिहून मोकळी व्हायची.

पौर्णिमा तेव्हा नवी होती. तिनं पेटी काढली, तपासली, बाहेर पाठवून तपासून घेतली. पेटीत काहीच खोट नव्हती. अशा पट्टीवर उतरताना आवाज तात्पुरता बंद करावा, असं पेटी बनवणाऱ्यांच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे, आणि त्यासाठी एक बटणही दिलेलं आहे. ती पुस्तक घेऊन कप्तानांकडं गेली.

कप्तान शरणबसप्पा मुरूमचे. आयुष्यभर विमानं उडवून, केस पांढरे करून, आता इथं मुलांना शिकवतात. त्यांनी पान वाचलं आणि म्हणाले, "बंद करायचा, पण कुठं? लवकर केला तर घाटातल्या टेकड्या पुढंच असतात. उशिरा केला तर ही बया सुरू होते." मग त्यांनीच खूण ठरवली. येडशीचं रेल्वे स्टेशन. विमान स्टेशनावर आलं की टेकड्या मागं पडलेल्या असतात आणि पुढं सपाट माळ. त्यांनी सांगितलं तसं पौर्णिमानं छापून बटणाशेजारी एक चिकटपट्टी लावली. 'येडशी स्टेशन – आवाज बंद.'

तक्रारी थांबल्या. कुणाचं काही चुकलं नव्हतं.

एका हिवाळ्यात, कँटीनच्या पत्र्याखाली हर्षाली चहा पीत होती. हर्षाली धाराशिव शहरातली, पायलट व्हायला आलेली, चुणचुणीत, बोलायला लागली की थांबायची नाही. तिचा लांबचा एकटीचा प्रवास आठवड्याभरावर आला होता. घाटापलीकडच्या एका मोठ्या पट्टीवर जायचं, उतरायचं आणि परत यायचं. विमानात दुसरं कुणी नाही. आदल्या दिवशी कप्तानांनी तिला तीच वाट सोबत बसून दाखवून आणली होती.

"कसं झालं?" पौर्णिमानं विचारलं.

"मस्त! तिथं पट्टीच्या दोन्ही बाजूंना डोंगर आहेत ताई, फार भारी दिसतं. आणि मी काही विसरले नाही. स्टेशन दिसलं की लगेच आत्याबाईला गप्प केलं."

"कुठलं स्टेशन?"

"तिथलंच की. मोठं आहे, आपल्या येडशीसारखं नाही."

पौर्णिमानं कप खाली ठेवला. "तिथं कशाला बंद केलंस?"

"उतरायच्या आधी करतात ना? आधी स्टेशन बघायचं, मग आवाज बंद."

"आणि सर काही बोलले नाहीत?"

"सर रेडिओवर तिथल्या टॉवरशी बोलत होते. त्यांनी बघितलंही नसेल."

शेजारी बसलेला, तिच्याबरोबर शिकणारा श्रीनाथ हसायला लागला. "स्टेशन काय बघत बसतेस? मी तर उडायच्या आधीच बंद करून टाकतो. नंतर विसरायची भानगडच नको."

दोघंही हुशार होती. परीक्षेत पेटीवर प्रश्न आला तर दोघांनी पानभर उत्तर लिहिलं असतं. पण हाताला जे शिकवलं होतं ते वेगळं होतं. घाटापलीकडची पट्टी पेटीला चांगली पाठ होती. तिथं उतरताना ती उगीच ओरडणार नव्हती. ओरडली तर खरंच ओरडणार होती. आणि हर्षाली नेमकी तिथंच तिला गप्प करून, उसाच्या फडातलं पाचट पेटवल्याचा धूर आणि सकाळचं धुकं यांतून, डोंगरांमधून एकटी खाली उतरणार होती.

त्या दुपारी पौर्णिमानं स्पिरिटचा बोळा घेतला आणि सगळ्या विमानांतल्या त्या चिकटपट्ट्या खरवडून काढल्या.

संध्याकाळी कप्तान शेडमध्ये आले. "चिकटपट्टी कुणी काढली?"

"मी, सर."

"लावली कुणी होती?"

"मीच."

"दोन्ही वेळेला मला विचारायचं असतं."

"लावताना तुम्हीच सांगितलं होतं, सर. काढताना मी विचारलं नाही, हे चुकलं." तिनं चहाच्या वेळचं सगळं सांगितलं. स्टेशनचं सांगताना कप्तानांच्या कपाळाला आठी पडली. श्रीनाथचं सांगितल्यावर त्यांनी एक शिवी हासडली, कानडीत, म्हणजे तिला कळू नये म्हणून. तिला कळली.

"दोघांना उद्या उभं करून झापतो. पण चिकटपट्टी परत लाव."

"का, सर?"

"पहिल्यांदा एकटं उतरणाऱ्या पोराच्या कानात कुणी ओरडलं की पोरगं काय करतं, ठाऊक आहे? दचकून नाक वर घेतं. वेग मरतो. जमीन हाताच्या अंतरावर असताना वेग मेला की संपलं. तेव्हा मी खालून ओरडतो, ते त्याला ऐकू येत नाही. तू पेटीचं बघतेस. मी पोरांचं बघतो."

हे खोटं नव्हतं. पौर्णिमानं हातातला बोळा खाली ठेवला.

"सर, या मुलांनी खरी सूचना कधी ऐकलीच नाही. जितक्या वेळा ऐकली, तितक्या वेळा ती खोटी होती. त्यांना वाटतं, तिचं काम ओरडायचं आणि आपलं काम बंद करायचं."

"तुझं काम पेटी चालू ठेवायचं. ऐकायचं की नाही, हे शिकवायचं काम माझं."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

कप्तानांनी तिच्याकडं बघितलं, मग विमानाकडं, आणि निघून गेले. चिकटपट्टी परत लाव असं दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. काढलीस ते बरं केलंस असंही नाही.

खोलीवर आल्यावर तिनं घरी फोन लावला. आबाराव जेवायला बसायच्या बेतात होते. तिनं त्यांना नुसतं एवढंच विचारलं, की भूकंपानंतर लोक उगीच घाबरायचे का.

"उगी कशानं? जमीन हालायचीच की मधनं मधनं," आबाराव म्हणाले. "आमी पत्र्याच्या शेडात राहायचो. ट्रक गेला तरी कुणीतरी वरडायचं, हालतंय! समदे भाईर. मग एकमेकाला हसायचं. म्होरं म्होरं लोक उठंनात. वरडू दे म्हणायचे, आन् पडून राहायचे."

"मग दादा, खरंच हाललं तर?"

"पत्र्याचं शेड, पोरी. अंगावर पडून पडून किती पडंल? म्हणून खपलं. पर पुढं पक्की घरं झाली आन् आमी तितंबी तसंच पडून राहायला लागलो. तुजी आजी शिव्या द्यायची. म्हणायची, आता डोक्यावर सिमिट हाय रं, आता तरी उठा." मग त्यांनी विचारलं, "का गं? तिकडं काय हाललं का?"

"न्हाय. कामाचं हाय."

"कामाचं आसंल तर नीट बघ," म्हणून त्यांनी फोन भिमाबाईंकडं दिला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा शेडमध्ये पोचली तेव्हा कप्तान आधीच तिथं उभे होते. "हर्षालीला खरी सूचना ऐकवायला घेऊन जातोय. तू मागं बस. तुझीच कल्पना आहे, तर पोटातलं पाणी तुझंही हलू दे."

हवा स्वच्छ होती. जायच्या आधी कप्तानांनी जमिनीवरच फडक्यानं धूळ पुसून खडूनं टेकडी काढून दाखवली. घाटाच्या कडेची बोडकी टेकडी, जिच्यावर पवनचक्की नाही, तार नाही. तिच्या डोक्यावरून पुरेशी जागा ठेवून जायचं. आपल्या डोळ्यांना ते अंतर भरपूर वाटेल, पण पेटीला त्याहून जास्त मोकळीक लागते, म्हणून ती बोलेल. ती बोलली की इंजिनाची पूर्ण ताकद, पंख सरळ आणि नाक वर. ती थांबेपर्यंत वर.

"आणि विचार?" कप्तानांनी विचारलं.

"कशाचा विचार, सर?"

"ती खरं बोलतेय का खोटं, याचा."

"करायचा?"

"तेव्हा नाही. धूर असताना, ढगात असताना, कधीच नाही. आधी वर. विचार करायला वरती भरपूर जागा असते."

हर्षाली डावीकडं बसली, कप्तान उजवीकडं, पौर्णिमा मागं. विमान उडालं, मोठा वळसा घेऊन येडशीच्या अंगानं परत आलं. खाली स्टेशनचं लांबट छप्पर सरकत आलं. डाव्या हाताला दूर पट्टी दिसत होती, उजवीकडं ती टेकडी. ठरल्याप्रमाणं हर्षालीनं विमान उजवीकडं वळवलं.

आणि वळवताना तिचा हात इंजिनाची ताकद वाढवायच्या दांड्यावरून उठला, बटणावर गेला, बटण दाबून परत दांड्यावर आला. डास हाकलावा तसा. पडद्याच्या कोपऱ्यात आवाज बंद असल्याची पिवळी अक्षरं उमटली.

पौर्णिमा पुढं झुकली. कप्तानांनी मागं वळून न बघता हात वर केला, थांब म्हणून. म्हणजे त्यांनीही बघितलं होतं.

टेकडी काचेत मोठी होत गेली. आधी तिच्यावरची झुडपं दिसायला लागली, मग झुडपांमधली पायवाट. नकाशावर टेकडीचा रंग बदलला. पिवळा, मग मधोमध लाल. रंग दाखवायचं काम पेटी करत होती. फक्त तोंड बांधलेलं होतं. हर्षालीचं लक्ष समोर होतं, कान आवाजाकडं. ती अगदी तयारीत बसली होती.

"सर, ही बोलत का नाही?"

"तू सांग."

"बिघडली असेल." टेकडी आणखी जवळ आली. "ताई, बिघडलीय का?"

"नाही," पौर्णिमा म्हणाली.

"माझ्याकडं दे," कप्तान म्हणाले, आणि त्यांनी विमान हातात घेऊन शांतपणे वर आणि बाजूला काढलं. टेकडी खालून निघून गेली. एक गुराखी वर बघत होता.

"तुझा हात मघाशी कुठं गेला होता?"

"कुठं, सर?"

"मी विचारतोय."

"कुठंच नाही." मग तिची नजर पिवळ्या अक्षरांवर गेली. "हे मी नाही दाबलं."

"मग? पौर्णिमानं मागून हात लांब केला का?"

हर्षाली पौर्णिमाकडं वळली. चिडली होती, खोटं बोलत नव्हती. दाबल्याचं तिला खरंच आठवत नव्हतं. पौर्णिमानं 'मी नाही' अशी नुसती मान हलवली. एरवी सदान्‌कदा चालणारं हर्षालीचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

कप्तानांनी आवाज चालू केला आणि विमान परत तिच्याकडं दिलं. "पुन्हा."

या खेपेला टेकडी अजून लांब असतानाच पेटी बोलली. "कॉशन, टेरेन." हर्षालीचा हात दांड्यावरून उठला. अर्ध्यात थांबला. तिनं स्वतःच्याच हाताकडं बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. तेवढ्यात पडद्यावर लाल आलं. "टेरेन, टेरेन. पुल अप. पुल अप." हात खाली आला, दांडा पुढं गेला, नाक वर झालं. मागं पौर्णिमा आसनात दाबली गेली.

"अजून," कप्तान म्हणत होते. "सोडू नकोस. ती गप्प बसेपर्यंत."

ती गप्प बसली. काचेत आता नुसतं आभाळ होतं.

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा केल्यावर हात उठणं थांबलं. परत येताना स्टेशन आलं, तेव्हा हर्षालीनं दांडा असा घट्ट धरून ठेवला होता की बोटं पांढरी पडली.

"आता दाब," कप्तान म्हणाले.

"नको, सर."

"दाब म्हणतो ना. इथं दाबायचंच असतं. पण आधी मोठ्यांदा सांग, का दाबतेस."

"का म्हणजे... ही आपली पट्टी. पेटीला पाठ नाही."

"आणखी?"

"टेकड्या मागं गेल्या."

"आणखी?"

"पट्टी मला डोळ्यांनी दिसतेय."

"यातलं एक जरी म्हणता आलं नाही, तर हात लावायचा नाही. आता दाब."

त्या दिवसापासून माळावर हा रिवाज पडला. मुलांना आधी लाज वाटायची. विमानात एकटं बसून मोठ्यांदा काय बोलायचं? श्रीनाथला कप्तानांनी आठवडाभर विमानाला हात लावू दिला नाही. शेडच्या दारात उभं राहून येईल त्याला तीन वाक्यं म्हणून दाखवायची, एवढंच काम दिलं. दूधवाल्यालाही ती पाठ झाली. पट्टीच्या कागदांवर कप्तानांनी नव्यानं सही केली आणि ते पुन्हा वर पाठवले. ते अजून आलेले नाहीत.

हर्षालीच्या प्रवासाची सकाळ धुकट निघाली. ऊन चढेपर्यंत कप्तानांनी तिला सोडलं नाही. तिकडून हवा ठीक असल्याचा निरोप आला, तेव्हाच जाऊ दिलं. विमान पौर्णिमानंच तपासलं होतं. पेटीची चाचणी तिनं दोनदा घेतली, जी एकदा घेतली तरी चालते. मग सही केली आणि दुसऱ्या विमानाची बॅटरी काढायला घेतली. एक नट जागेवर बसता बसेना. एरवी असं तिचं होत नाही.

दुपारी विमान परतलं. उतरताना थोडं उसळलं, मग सरळ झालं. हर्षाली इंजिन बंद करून बाहेर आली आणि पंखाखाली सावलीतच बसली. पौर्णिमा तिच्याजवळ गेली.

"कसं झालं?"

या वेळी 'मस्त' आलं नाही. "तिकडं धूर होता, ताई. सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त. लांबून काही दिसेना, मग एकदम स्टेशन दिसलं."

"मग?"

"हात उठला." तिनं उजवा हात उघडून बघितला. "बटणापर्यंत गेला. मग मी म्हणायला लागले, ही आपली पट्टी... आणि पुढं म्हणता येईना. आपली नव्हतीच ना ती."

"मग?"

"काढून घेतला हात. आणि थोड्या वेळानं ती बोलली. कॉशन. मला वाटत होतं पट्टी जवळ आलीय, म्हणून मी खाली येत चालले होते. पट्टी नव्हती ती, कालवा होता. डोंगर बाजूलाच होता, धुरात. मी ताकद दिली आणि वर घेतलं. टॉवरला सांगितलं, परत फिरून येते. पुढच्या फेरीला नीट दिसली पट्टी. तेव्हा ती नुसतं 'फाइव्ह हंड्रेड' म्हणाली. पाचशे फूट राहिले की म्हणते ते. बाकी गप्प."

"लाल आलं होतं?"

"नाही. पिवळ्यावरच वर घेतलं."

पौर्णिमा तिच्याशेजारी टेकली. लांब गवतात कुणाच्या तरी शेळ्या शिरल्या होत्या आणि पहारेकरी त्यांच्यामागं पळत होता.

"सरांना सांगितलंस?"

"अजून नाही. कालव्याला पट्टी समजले म्हणून रागावतील."

"रागावतील की."

"मग नाही सांगितलं तर? टॉवरला नुसतं फिरून येते एवढंच म्हटलंय मी. कुणाला कळणार आहे?"

पौर्णिमा म्हणाली, "तुझ्यामागून श्रीनाथ जाणार आहे तिथं. त्यालाही तो कालवा दिसणार."

हर्षाली उठली. पँटची धूळ झटकली आणि कप्तानांच्या खोलीकडं गेली. दार लागलं. थोड्या वेळानं आतून आवाज चढलेला ऐकू आला, आधी मराठीत, मग कानडीत. मग नकाशा उलगडल्याचा आवाज.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, चाल मात्र सरळ होती.

"रागावले?"

"लई. परवा परत पाठवतायत. त्याच पट्टीवर. आणि निघायच्या आधी सगळ्यांना तो कालवा नकाशावर मीच दाखवायचा."

"मग विमान परवा तयार पाहिजे," पौर्णिमा म्हणाली, आणि उतरताना विमान उसळलं होतं म्हणून चाकांजवळ वाकून बघायला लागली.